नंबराच्या जागी भोक

टोर्गायर : कुठून आणलास म्हणालीस हा बोर्ड?

टुव्हा : बाजारातून. आपल्या शाळेच्या बँडचा जुन्या सामानाचा बाजार भरतो ना, तिथून.

टोर्गायर : यंदाचा बाजार अजून भरायचाय. बाहेर बर्फ आहे.

टुव्हा : गेल्या सप्टेंबरातल्या म्हणतेय मी.

टोर्गायर : गेल्या सप्टेंबरात विजेच्या सामानाच्या टेबलामागे मी उभा होतो. शनिवार, रविवार, दोन्ही दिवस. असला बोर्ड टेबलावर आला असता तर तुझ्या नजरेला पडायच्या आत माझ्या पिशवीत गेला असता.

टुव्हा : मग दुसऱ्या टेबलावरून घेतला असेन. पुस्तकांच्या.

अस्लाऊग : पुस्तकांच्या टेबलावर मी होते गं.

टुव्हा : तुम्ही दोघं सगळीकडे असता का?

अस्लाऊग : गावच एवढंसं आहे. घे, वाफल घे, गरम आहे तोवर. चीज जाड कापलंय, जाम तिकडे. आणि टोर्गायर, तू पोरीची उलटतपासणी थांबव. तळघराच्या दारावर आपण पाटी काय लावलीय? जुन्या कॉम्प्युटरचे अनोळखी बोर्ड आणा, शनिवारी ओळखून देऊ. कुठून आणलेत असं कुठे लिहिलंय?

टोर्गायर : लिहायला हवं होतं. विसरलीस तो गोड बोलणारा माणूस? पेटीभर बोर्ड घेऊन आला, आपण हौसेनं एकेकाचं नाव सांगितलं, तू त्याला कॉफीही पाजलीस. आणि त्यानं घरी जाऊन सगळ्यांच्या सोनेरी पट्ट्या कापल्या, सोनं वितळवायला.

टुव्हा : मी सोनं वितळवणाऱ्यातली दिसते? मला नववीत येऊन साधं बिस्किट भाजता येत नाहीये.

टोर्गायर : तू काय दिसतेस ते मी अजून ठरवतोय.

टुव्हा : ठरवा की. तोवर मला काय कळलंय ते सांगते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. चिपांवरचे आकडे मी सगळे वाचले. पहिले दोन म्हणजे वर्ष, पुढचे दोन आठवडा. सगळ्यात नवी चिप एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यातली आहे, म्हणजे बोर्ड त्याच्या आधी बनलेला असूच शकत नाही. आणि एकसारख्या चिपांच्या या ओळीच्या ओळी आहेत, म्हणजे हा मेमरीचा बोर्ड. बरोबर ना? बरोबरच आहे. फक्त नाव कुठेच नाही. जिथे नंबर असायला हवा तिथे हे भोक. तेवढं फॅक्टरीचं नाव सांगा, मी चालले.

टोर्गायर : फॅक्टरीचं का म्हणालीस?

टुव्हा : म्हणजे?

टोर्गायर : इथे येणारे लोक विचारतात कंपनी कुठली, देश कुठला. फॅक्टरी असं फक्त या फ्योर्डच्या काठचे लोक म्हणतात. आणि त्यांच्या मनात एकच असते, इथली कॉम्प्युटरची.

टुव्हा : मी या खाडीच्या काठचीच आहे. मग काय म्हणू?

अस्लाऊग : गप बसा दोघं. आण इकडे. माझं भिंग कुठे गेलं... हं. टोर्गायर, ही रेघ बघ. ही सोळा रेघांची जुडी इथे कशी वळलीय बघ.

टोर्गायर : बघितली.

अस्लाऊग : आल्या आल्या बघितलीस ना? आणि एवढा वेळ बोलला नाहीस?

टोर्गायर : मला आधी पोरगी कोण ते कळायला हवं होतं.

टुव्हा : काय आहे त्या रेघेत?

अस्लाऊग : मी आहे त्या रेघेत. तेव्हा बोर्डाची नक्षी हातानं काढायचो आम्ही. खालून उजेड येणारं टेबल, वर पारदर्शक कागद, आणि त्यावर काळी टेप चिकटवत जायची. मग त्याचा फोटो काढून लहान करायचे. कोपरा आला की बाकीच्या मुली टेप कापायच्या आणि तिरकी लावायच्या. मी कापत नसे. ओढून वळवायचे. साहेब ओरडायचा की बाई, तुमचे बोर्ड नदीच्या नकाशासारखे दिसतात. दिसू देत की. हा माझा हात आहे, आणि मी आयुष्यात एकाच ठिकाणी नोकरी केली.

टुव्हा : म्हणजे फॅक्टरीचाच.

अस्लाऊग : फॅक्टरीचाच. अगं, चेहरा का पडला तुझा? हवं ते नाव मिळालं ना?

टुव्हा : मला ते नको होतं. मला वाटत होतं तुम्ही म्हणाल, हा तर इंग्लंडचा, किंवा जर्मनीचा. म्हणजे प्रश्नच मिटला असता.

टोर्गायर : तुझ्या आईचं नाव काय?

टुव्हा : गुनहिल्ड.

टोर्गायर : हाल्वार्डची गुनहिल्ड?

टुव्हा : हो.

टोर्गायर : उचल हे. तुझ्या त्या पेटीत घाल आणि जा.

टुव्हा : नाही जाणार.

टोर्गायर : त्यानं पाठवलंय तुला. चाळीस वर्षं माझ्याकडे बघून रस्ता बदलतो, आणि आता नातीला पुढे केलं.

टुव्हा : आजोबांना माहीतसुद्धा नाही. पेटी त्यांच्या बोटीच्या शेडमध्ये होती, जाळ्यांच्या खाली. मी उचलली.

टोर्गायर : म्हणजे चोरलीस.

टुव्हा : उसनी आणली. आणि तुम्ही पण काही कमी नाही. मी दारावरची पाटी वाचून आले नाही, तुमचं नाव वाचून आले. आई म्हणते, फॅक्टरीत चाचणीच्या खोलीत टोर्गायर म्हणून एक होता, त्याला सगळं माहीत होतं आणि तो काही बोलला नाही. मला बघायचं होतं, बोर्ड हातात घेतल्यावर तुमचं तोंड कसं होतं.

अस्लाऊग : आणि कसं झालं?

टुव्हा : काहीच झालं नाही. म्हणून तर जास्त संशय आला.

अस्लाऊग : हे मात्र खरं. त्याचं तोंड त्याच्या स्वतःच्या लग्नातही तसंच होतं.

टोर्गायर : गंमत नाही ही, अस्लाऊग.

अस्लाऊग : मला माहितेय गंमत नाही. टुव्हा, बस. बूट भिजलेत तुझे, हीटरपाशी सरक. तुला नक्की काय हवंय ते आता सरळ सांग.

टुव्हा : मे महिन्यात माझं कन्फर्मेशन आहे, मोठी झाले म्हणून चर्चमध्ये आशीर्वाद घ्यायचा. चर्चनंतर हॉलमध्ये जेवण, मोठं टेबल, सगळे नातेवाईक, सगळ्यांची भाषणं. मला आजोबा त्या टेबलाशी हवेत. आई नाही म्हणते. ती त्यांना नाताळलाही बोलवत नाही. फॅक्टरीनं त्यांना काढलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. वर्गात कुणाचं खोडरबर हरवलं तरी सगळे मागे वळून तिच्याकडे बघायचे, असं तिनं मला एकदाच सांगितलं, आणि नंतर उठून भांडी घासायला गेली. आजोबांना विचारावं तर ते म्हणतात, ज्याला पटायचंय त्याला न सांगता पटतं. आणि कॉफीचं भांडं ठेवतात शेगडीवर. मला दोघांचाही राग येतो. मग मी आईशी भांडले. खूप भांडले. शेवटी ती म्हणाली, त्यांनी चोरी केली नाही असं दाखव, मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन बोलावणं करीन. आणि दाखवता आलं नाही तर मेपर्यंत त्यांचं नाव काढायचं नाही. ती बाहेर गाडीत बसलीय. आत येणार नाही म्हणाली.

अस्लाऊग : या थंडीत?

टुव्हा : हीटर लावून. हट्टी आहे. आमच्या घरात सगळेच आहेत.

टोर्गायर : तुला काय वाटतं? त्यानं केली की नाही?

टुव्हा : मला माहीत नाही. केली नसावी असं वाटतं. पण हे भोक बघितलं आणि पेटीतले बाकीचे बोर्डही काढून बघितले, सगळ्यांना आहे. आई म्हणाली, नंबर ओळखू येऊ नये म्हणून पाडलंय. चोर गाडीची नंबरप्लेट काढतो तसं.

अस्लाऊग : टोर्गायर, तू सांगतोस की मी सांगू?

टोर्गायर : सांग तूच. तुला घाई झालीय.

अस्लाऊग : ते भोक फॅक्टरीनंच पाडलेलं असतं गं. चाचणीत नापास झालेला बोर्ड चुकून कुणी कॉम्प्युटरच्या मशिनात घालू नये म्हणून त्याच्या नंबरावर ड्रिल मारायचे. नंबर गेला की बोर्ड मेला. मग तो दारापाशी टोपलीत. आणि टोपलीतलं कुणीही घरी न्यावं, अशी रीतच होती. माझ्या नवऱ्यानं त्यातल्या एकाचा बर्फ खरवडायचं फावडं केलं होतं.

टुव्हा : म्हणजे टोपलीतलं नेणं चोरी नव्हे?

अस्लाऊग : मुळीच नव्हे.

टुव्हा : मग झालं की. हे मी आईला सांगते.

टोर्गायर : बस खाली. ड्रिलही दारापाशीच होतं. चांगल्या बोर्डालाही भोक पाडता येतं. कुणाचं लक्ष नसताना एक घ्यायचा, नंबरावर ड्रिल टेकवायचं, टोपलीतला म्हणून डिकीत टाकायचा. आरोप हाच होता. गेटवर त्याची गाडी थांबवली, डिकीत असे बोर्ड सापडले. ते आणून मशिनात घातले. सगळे चालले. एकूण एक. भंगार कधी चालतं? चालला म्हणजे चांगला होता, चांगला होता म्हणजे टोपलीतला नव्हता. त्याला काढलं, आणि नंबर नसलेले बोर्ड कामाचे नाहीत म्हणून तेही त्याच्याबरोबर पाठवून दिले.

टुव्हा : त्यांनी दुरुस्त केले असतील.

टोर्गायर : आमच्या खोलीत कपाटाएवढं यंत्र होतं. चाचणीसाठी खास बनवून घेतलेलं. त्यानं नाकारलेला बोर्ड कुणी घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर दुरुस्त करतो, यावर कोण विश्वास ठेवेल?

अस्लाऊग : हे तू तेव्हाही म्हणाला होतास?

टोर्गायर : सगळेच म्हणत होते.

टुव्हा : गेटवर गाडी थांबवली म्हणालात. बोर्ड डिकीत सापडले ते कामावर येताना की घरी जाताना?

टोर्गायर : येताना.

टुव्हा : येताना? चोर चोरलेलं सामान घेऊन परत येतो?

टोर्गायर : त्याचं म्हणणं होतं की तो साहेबाला दाखवायला आणत होता. आमचं म्हणणं होतं की आदल्या संध्याकाळी चोरून नेले, आणि घरी उतरवायला जमले नाहीत म्हणून डिकीतच राहिले.

अस्लाऊग : आमचं म्हणणं.

टोर्गायर : फॅक्टरीचं म्हणणं.

टुव्हा : मला एक सांगा. मागच्या बाजूला ही हिरवी तार आहे. या चिपेच्या पायापासून इथपर्यंत. सगळ्या बोर्डांना अशी एखादी तरी आहे, पेटीत बघा. ही पण तुम्ही काढलेली का, अस्लाऊग?

अस्लाऊग : माझ्या नक्षीत तार नसते. ती नंतर कुणीतरी जोडलीय. बघू... सोल्डरचे डाग किती नेटके दिलेत.

टोर्गायर : दिखाव्याला जोडली असेल. पकडला गेलो तर दुरुस्त केले म्हणून सांगता यावं.

टुव्हा : तार सुटी केली तर कळेल ना?

टोर्गायर : काय कळेल?

टुव्हा : ती कामाची आहे की दिखाव्याची. ज्या दोन ठिकाणांना तार जोडते, त्यांच्यात अस्लाऊगची रेघही आहेच की. हे बघा, इथून निघाली, बोर्डातून पलीकडे गेली, इथे आली. रेघ धड असेल तर तारेची गरजच नव्हती. आणि रेघ तुटलेली असेल तर...

अस्लाऊग : तर यंत्रानं नाकारलं ते खरं. आणि हाल्वार्डनं दुरुस्त केलं तेही खरं. पोरी, तुला कुणी शिकवलं हे?

टुव्हा : आत्ताच सुचलं. वाफलमुळे असेल.

टोर्गायर : तार काढलीस की पुरावा गेला. मग उद्या कुणीही म्हणेल की तुम्हीच काहीतरी केलं.

टुव्हा : एकच टोक सुटं करू. दुसरं राहू दे. टोर्गायर, तेव्हा कुणी हे करून बघितलं होतं?

टोर्गायर : नाही.

टुव्हा : का?

टोर्गायर : मशिनात घातला, चालला. त्यापुढे बघायला कुणी सांगितलं नाही.

टुव्हा : न सांगता बघता येत नव्हतं?

अस्लाऊग : टुव्हा. पुरे. सोल्डरिंग आयर्न गरम होतंय, बोलत बसू नका.

टोर्गायर : आयर्न मी धरतो.

टुव्हा : तुम्ही नाही. तुमचा हात हलला आणि भलतंच काही तुटलं तर?

टोर्गायर : तुझा हलला तर? तुला तर ते तुटलेलंच हवंय.

अस्लाऊग : म्हणून मी धरते. दोघांनी हात मांडीवर ठेवा.

टोर्गायर : तू तर मुळीच नको. तू हाल्वार्डबरोबर नाचायला जायचीस.

अस्लाऊग : एकदा गेले होते. आणि आख्खी संध्याकाळ त्यानं माझे पाय तुडवले. त्याच्या बाजूनं बोलायला मला काही कारण नाही.

टुव्हा : असं करू. आयर्न मी धरते, शाळेत शिकलेय मी. अस्लाऊग भिंगातून माझ्या हाताकडे बघतील. मीटरच्या सुया तुम्ही लावा, टोर्गायर, आणि तुमच्या हाताकडे मी बघीन. म्हणजे प्रत्येकावर कुणीतरी डोळा ठेवून.

टोर्गायर : हाल्वार्डचीच नात आहेस.

टुव्हा : हे चांगलं म्हणालात की वाईट?

टोर्गायर : डाग तापव. टोकाला धर, दाबू नकोस. विरघळू दे... आता चिमट्यानं तार उचल. हं. सुटली.

अस्लाऊग : बाजूला काही धक्का नाही. मी बघत होते.

टोर्गायर : आता नीट ऐक, म्हणजे नंतर वाद नको. एक सुई चिपेच्या या पायाला, दुसरी तिकडच्या टोकाला. मधली रेघ अखंड असेल तर मीटर वाजेल. वाजला तर तार फुकटची, बोर्ड पहिल्यापासून चांगला, आणि तुझा आजोबा चोर. मी हे गोड करून सांगणार नाही.

टुव्हा : नका सांगू. लावा.

टोर्गायर : लावली.

अस्लाऊग : वाजला का?

टोर्गायर : सुई नीट टेकली नसेल.

टुव्हा : टेकलीय. मी बघतेय.

टोर्गायर : मग सेल उतरले असतील. थांब. दोन्ही सुया एकमेकींना लावतो... वाजतंय. सेल ठीक आहेत. परत लावतो. इथे. आणि इथे.

अस्लाऊग : वाजत नाही, टोर्गायर.

टोर्गायर : ऐकू येतं मला. म्हणजे, येत नाही ते कळतंय. पण रेघ त्यानं स्वतःच कापली असेल. पात्यानं. तार खरी वाटावी म्हणून.

अस्लाऊग : हे घे भिंग. माझी रेघ आहे, मी तिच्यावरून डोळे मिटून चालू शकते. पुढून अखंड, मागून अखंड. कुठे ओरखडा नाही. तुटलीय ती मधे, जिथे रेघ सुईएवढ्या छिद्रातून या बाजूची त्या बाजूला जाते तिथे. छिद्राच्या आत तांब्याचा थर धरलाच नाही. आणि ते छिद्र चिपेच्या बरोबर खाली आहे. चिप न काढता तिथे कुठलं पातं जाईल? आणि ही चिप कधी काढलेली नाही, हे डाग मशिनचे आहेत.

टोर्गायर : दे इकडे... हं.

टुव्हा : काय हं?

टोर्गायर : एका बोर्डावरून मी काही बोलणार नाही. त्याला एखादा खराब बोर्ड मिळाला असेल, बाकीचे चांगले असतील. पेटी आण. नाही, तू देऊ नकोस, मी निवडतो. तळातला.

(टेबलावर आता बरेच बोर्ड उघडे पडले आहेत. प्रत्येकाच्या तारेचं एक टोक वर उचललेलं आहे. वाफलचं ताट कुणीतरी खिडकीत नेऊन ठेवलं आहे.)

टुव्हा : हा शेवटचा. वाजला?

टोर्गायर : तू ऐकलंस ना?

टुव्हा : मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

टोर्गायर : नाही वाजला.

अस्लाऊग : एकही नाही.

टोर्गायर : प्रत्येकाची तुटलेली जागा वेगळी आहे. आमचं यंत्र फक्त बोर्ड खराब आहे एवढं सांगायचं. कुठे, ते त्याला कळत नसे. म्हणून तर आम्ही टोपलीत टाकत होतो. हे त्यानं घरी बसून शोधलं. एकेक रेघ. साध्या मीटरनं. कसं शोधलं असेल?

टुव्हा : मे महिन्यात हॉलमध्ये या आणि त्यांनाच विचारा.

टोर्गायर : तो माझ्याशी बोलणार नाही.

टुव्हा : कॉफी देतील. तुम्ही पीत बसा.

अस्लाऊग : बाहेर गाडीचं इंजिन चालूच आहे अजून. जा, सांग तिला.

टुव्हा : मी सांगितलं तर म्हणेल, तुला तेच हवं होतं, म्हणून तुला तेच दिसलं. ओळखते मी तिला. थांबा, फोन लावते. टोर्गायर, सुया हातात ठेवा. ... आई, मी. नाही, संपलं नाही अजून. हीटर बंद कर आधी, फार घरघरतोय. इंजिनही. ... कर ना गं. ... हं. आता काही बोलू नकोस, फक्त ऐक. टोर्गायर, दोन्ही सुया एकमेकींना लावा.

टोर्गायर : लावल्या.

टुव्हा : ऐकलंस? रेघ अखंड असली की असा आवाज येतो. तसा आला असता तर तू म्हणत होतीस ते खरं ठरलं असतं. आता आजोबांच्या बोर्डाला लावतायत. सुया मी नाही धरलेल्या, टोर्गायरनं धरल्यात. हो, तोच. लावा.

टोर्गायर : लावल्या, गुनहिल्ड.

टुव्हा : आई? ... आई, काय ऐकू येतंय? ... हो. इथेही काहीच नाही.